ॲपवर हवा ‘समाधानकारक’ आणि रुमाल काळा : रोजच्या प्रवासात नेमके काय नाकात जाते?

धायरीकर (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात धायरीला राहते आणि बालेवाडीतील कार्यालयात रोज दुचाकीने जाते. वडगाव पुलापाशी महामार्गाला लागायचे आणि वारजे, डुक्कर खिंड, चांदणी चौक, बावधन, सुतारवाडी करत बालेवाडी गाठायची, असा हा वीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. सकाळी पन्नास मिनिटे आणि संध्याकाळी सत्तर मिनिटे धरली तर दिवसाचे दोन तास रस्त्यावर जातात.

गेल्या आठवड्यात घरी आल्यावर मी ओल्या पांढऱ्या रुमालाने चेहरा पुसला, तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंचे आणि हेल्मेटच्या पट्टीखालचे करडे-काळे पट्टे जसेच्या तसे रुमालावर उतरले. त्याच वेळी मोबाइलवरच्या ॲपमध्ये माझ्या भागाचा हवा गुणवत्ता निर्देशांक ८८ दाखवत होता आणि शेजारी फिकट हिरव्या रंगात ‘समाधानकारक’ असा शब्द होता. रुमाल खरा मानावा की ॲप, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न असा, की माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. आहे ती दुचाकी चालवत राहावी, यजमानांची चारचाकी आलटून पालटून वापरावी किंवा कात्रजहून हिंजवडीकडे जाणारी पीएमपीची बस धरावी. खर्च आणि वेळ यांचा हिशेब मी करू शकते, परंतु यांपैकी कशात सर्वांत कमी धूर आत घेतला जातो, हे मला ठरवता येत नाही. मैत्रिणी म्हणतात की स्कार्फ बांधला की पुरे. ते खरे असते तर रुमाल काळा झालाच नसता, कारण स्कार्फ मी बांधतेच.

हवामापक

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने लिहितो. हवेच्या गुणवत्तेची मोजणी करणाऱ्या उपकरणांच्या देखभालीचे काम मी काही वर्षे केले आहे.

रुमाल आणि ॲप दोन्ही खरे आहेत, फक्त दोघे दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहेत. रुमालावर उतरते ती प्रामुख्याने जाड धूळ, म्हणजे रस्त्याची माती, टायर आणि ब्रेक झिजून उडणारा भुगा आणि काही प्रमाणात काजळी. यातला बराचसा भाग नाकातच अडकतो. खरी काळजी ज्यांची करायची ते कण रुमालावर दिसतही नाहीत. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, तर ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो ते कण अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात आणि ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. वाहनाच्या धुरातून ताजे बाहेर पडणारे कण तर त्याहूनही बारीक, एक दशांश मायक्रोमीटरच्या आतले असतात. थोडक्यात, रुमाल जे दाखवतो ते आपल्या शरीराने दारातच अडवलेले असते.

आता ८८ या आकड्याविषयी. आपल्याकडचा निर्देशांक कणांच्या बाबतीत चोवीस तासांच्या सरासरीवर काढला जातो. त्यामुळे पहाटे तीन वाजताची शांत हवा आणि संध्याकाळी सात वाजताची वारज्याची कोंडी एकाच सरासरीत मिसळून जातात. शिवाय मापन केंद्र उभारताना ते एखाद्या सायलेन्सरच्या तोंडाशी नसावे, त्या परिसराची सर्वसाधारण हवा त्याने मोजावी, अशीच काळजी घेतली जाते आणि ती योग्यच आहे. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची ‘सफर’ ही यंत्रणा २०१३ पासून शहराच्या हवेचा आढावा देते आणि तो उपयुक्त आहे. परंतु ती शहराची हवा झाली. दुचाकीवर बसून डंपरच्या मागे उभी असलेली व्यक्ती श्वासावाटे घेते ती हवा वेगळी.

‘समाधानकारक’ या शब्दावरही थोडे थांबायला हवे. ८८ हा आकडा पीएम २.५ मुळे आला असेल, तर त्याचा अर्थ घनमीटरला साधारण ५३ मायक्रोग्रॅम असा होतो. चोवीस तासांसाठी आपल्या देशाची मर्यादा ६० आहे, म्हणून तो समाधानकारक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा १५ आहे, म्हणजे तीच हवा त्या मापाने साडेतीन पट वाईट ठरते. समाधान कोणाचे, असा प्रश्न मला या शब्दावर नेहमीच पडतो.

रस्त्यावरची हवा केंद्रावरच्या हवेपेक्षा किती वेगळी असते, याचे एक चांगले मोजमाप दिल्लीत २०१० मध्ये चालत्या ऑटोरिक्षांमध्ये उपकरणे ठेवून झाले होते. रिक्षात बसलेल्या माणसाभोवती पीएम २.५ शहराच्या सर्वसाधारण हवेच्या दीड पट, काजळी ३.६ पट आणि अतिसूक्ष्म कणांची संख्या ८.४ पट आढळली. पुण्यातले आकडे वेगळे असतील, पण हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे, कारण कण जितका बारीक आणि धुराशी जितका जवळचा, तितकी तफावत मोठी. आपल्या दोन तासांना हेच गुणोत्तर लावून पाहू. चोवीस तासांतले दोन तास म्हणजे वेळेचा ८ टक्के वाटा. उरलेले बावीस तास सर्वसाधारण हवेत गेले असे मानले, तर दिवसभरातल्या पीएम २.५ पैकी १२ टक्के, काजळीपैकी पावभाग आणि अतिसूक्ष्म कणांपैकी ४३ टक्के भाग या दोन तासांतच नाकात जातो. निर्देशांकात काजळी आणि अतिसूक्ष्म कण मोजलेच जात नाहीत, तेव्हा ॲप या भागाविषयी काही सांगू शकत नाही, यात ॲपचा दोष नाही.

यावरून माझे मत असे, की वाहन कोणते यापेक्षा आपण धुराच्या किती जवळ आणि किती मिनिटे असता, हा मुद्दा मोठा आहे. सायलेन्सरपासूनचे अंतर वाढले की बारीक कण झपाट्याने विरळ होतात आणि मोठ्या रस्त्यापासून शे-दीडशे मीटर आत गेले तरी मोठा फरक पडतो. आपल्या मार्गात डुक्कर खिंडीचा चढ आहे. तेथे भरलेले ट्रक खालच्या गिअरमध्ये गुरगुरत चढतात, इंजिनावर सर्वाधिक भार तेथेच येतो, धूरही तेथेच जास्त निघतो आणि दोन्ही बाजूंना डोंगर कापलेला असल्यामुळे तो लवकर पांगत नाही. मी स्वतः खिशात मावणारे एक छोटे मापक घेऊन तेथून गेलो आहे. आकडे मुद्दाम देत नाही, कारण ही स्वस्त यंत्रे प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात, दमट हवेत फुगवून सांगतात आणि अतिसूक्ष्म कण त्यांना दिसतही नाहीत. पण आलेख खिंडीत चढला आणि बावधनला उतरला, एवढे निःसंशय दिसले.

शक्य असल्यास खिंडीचा तो तुकडा टाळावा. तो टाळता येत नसेल तर चढावर ट्रकच्या मागे मागे न राहता अंतर ठेवावे. सिग्नलला बस किंवा टेम्पोच्या उजव्या-डाव्या सायलेन्सरकडे एकदा पाहून त्याच्या विरुद्ध बाजूला थांबावे. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण नव्वद सेकंदांच्या सिग्नलमध्ये दोन मीटरचा फरकही जाणवतो. लवकर निघण्याचा सल्ला मात्र मी डोळे झाकून देणार नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकून बसते, धूर वर जात नाही आणि ऊन चढेपर्यंत तो तसाच राहतो. त्या दिवसांत साडेसातला निघण्याचा फायदा कोंडी टळल्यामुळे होतो, हवा स्वच्छ असते म्हणून नव्हे.

स्कार्फवाली

पुण्यातल्या स्कार्फविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याकडे पंधरा वर्षांच्या अनुभवाने आला आहे, असे मी मानते. स्कार्फ ऊन अडवतो, धूळ अडवतो आणि ओळखीच्या काकूंनी चौकात हाक मारणेही अडवतो. बारीक धूर मात्र तो अडवत नाही, कारण कापडाच्या विणीतली भोके कणांच्या मानाने दिंडी दरवाजाएवढी असतात आणि हवा तर बाजूनेच आत येते.

एन-९५ मुखपट्टी ही खरी गाळणी आहे. ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे कण गाळणे सर्वांत अवघड असते आणि तेही ती किमान ९५ टक्के अडवते. अट एकच, की ती चेहऱ्याला घट्ट बसली पाहिजे. चष्मा लावणाऱ्यांना याची परीक्षा फुकटात करता येते. श्वास सोडल्यावर काचेवर वाफ धरली तर नाकाच्या बाजूने फट आहे आणि तिथूनच धूरही आत येतो आहे. धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकावर दाबून बसवावी, एका हाताने चिमटा काढला की मध्ये टोक राहते. पुरुषांनी दाढी राखली असेल तर मुखपट्टीचा बराचसा उपयोग वाया जातो. नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू मात्र साध्या एन-९५ मधून सरळ आत येतात. ती पट्टी धुवायची नसते. ती ओलसर झाली किंवा तिच्यातून श्वास घेणे जड वाटू लागले की टाकून द्यायची.

चारचाकीवाला

चारचाकीत बसले की आपण प्रदूषणाच्या बाहेर गेलो, असा माझा कित्येक वर्षे समज होता. गाडीत हवा आत घेण्याची जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी असते, म्हणजे पुढच्या गाडीचा धूर थेट तिच्यावरच येतो. बाहेरची हवा आत घेण्याचे बटण चालू ठेवून कोंडीत उभे राहिले, तर खिडक्या बंद असूनही आपण तोच धूर गार करून घेत असतो. आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबले आणि केबिन फिल्टर चांगला असला, तर काही मिनिटांत आतले कण बरेच कमी होतात.

पण आपली मंडळी फिल्टर पाहतच नाहीत. माझ्या गाडीचा मी पहिल्यांदा काढला तेव्हा त्यात पिंपळाची दोन पाने, एक मेलेली गांधीलमाशी आणि शाईसारखा काळा थर निघाला. डॅशबोर्डाच्या कप्प्यामागे तो असतो आणि काढायला पाच मिनिटे लागतात. दुसरी सूचना अशी, की तासभर आतलीच हवा फिरवत ठेवली आणि गाडीत चौघे असले, तर कार्बन डायऑक्साइड वाढून डोके जड होते आणि डुलकी येते. त्यामुळे बावधनसारख्या मोकळ्या पट्ट्यात दोन मिनिटे बाहेरची हवा घ्यावी.

हे सगळे लिहून झाल्यावर हेही मान्य करतो, की एका माणसासाठी मी चारचाकी काढतो तेव्हा माझे नाक वाचते आणि माझ्या मागच्या दुचाकीवाल्याचे काळे होते.

सायकलचालक

हवामापक यांच्या हिशेबात एक गोष्ट जोडू इच्छितो. त्यांनी फक्त हवेतले प्रमाण धरले आहे, श्वासाचे प्रमाण धरलेले नाही. दुचाकीवर माणूस बसलेला असतो, तर सायकल चालवताना मिनिटाला आत घेतली जाणारी हवा दोन ते चार पट होते. या न्यायाने सायकलवाल्याने घरीच बसावे, असे कोणी म्हणेल आणि मला तसे अनेकांनी ऐकवलेही आहे.

केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये याचाच हिशेब मांडला होता. व्यायामाचा लाभ आणि धुराची हानी एकाच तराजूत घातली, तर शहराच्या हवेत पीएम २.५ चे प्रमाण २२ मायक्रोग्रॅम असताना सायकल कितीही चालवली तरी पारडे लाभाकडेच झुकते. प्रमाण १०० मायक्रोग्रॅम असेल तर मात्र दिवसाला दीड तासापुढे सायकल चालवण्यात हानी वरचढ ठरते. हे गणिती प्रतिमान आहे, प्रत्यक्ष माणसांवरची पाहणी नव्हे, आणि दम्याच्या रुग्णाला ते जसेच्या तसे लागू होणार नाही. तरीही पुण्याची बहुतेक दिवसांची हवा या दोन आकड्यांच्या मधली आहे, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाच्या सायकलीला मी घाबरत नाही. मी फक्त कर्वे रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांमधून जातो. पाच मिनिटे जास्त लागतात आणि वाटेत एका वाड्यातली बकुळ लागते.

धायरी ते बालेवाडी सायकलने जा, असे मात्र मी कोणालाही सांगणार नाही. महामार्गावर धुरापेक्षा चाकाखाली येण्याची भीती अधिक आहे.

रिक्षावाल्याचा मुलगा

वरील सर्व सूचना योग्य आहेत, परंतु त्या वाचताना मला माझे वडील आठवत राहिले, म्हणून लिहितो. त्यांनी एकतीस वर्षे स्वारगेटच्या थांब्यावर रिक्षा चालवली. आपण सर्व दोन तासांचा हिशेब मांडत आहात, त्यांचे दहा-दहा तास त्या हवेत गेले. रिक्षाला काच नाही, दार नाही आणि बसणाऱ्याचे तोंड शेजारच्या टेम्पोच्या धुराच्या उंचीला. चौकातला वाहतूक पोलीस, सिग्नलला फुले विकणारी मुलगी, रस्त्याकडेला वडापावची गाडी लावणारा, यांना विरुद्ध बाजूला थांबण्याची सोय नाही. केंब्रिजच्या हिशेबातला दीड तास तर त्यांचा सकाळी चहा व्हायच्या आत संपतो.

धुराच्या उगमाबद्दल इथे कोणी बोलले नाही, तेही नोंदवतो. आपल्याकडे पीयूसी प्रमाणपत्रासाठी पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन उभ्या गाडीत मोजतात, डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा पाहतात. ज्या बारीक कणांवर इतकी चर्चा चालली आहे ते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड त्या तपासणीत मोजलेच जात नाहीत. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे कडक मानक लागू झाले, इंधनातले गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भागांवर) आले, नव्या डिझेल गाड्यांना कण अडवणारी गाळणी आली, ही खरोखर मोठी सुधारणा आहे. पण खिंडीत गुरगुरणारा जुना ट्रक त्याआधीचाच आहे आणि तो अजून बरीच वर्षे चालेल. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचेही तसेच. ती घेणाऱ्याचा धूर कमी होत नाही, त्याच्या मागे येणाऱ्याचा होतो. घ्यावी, जरूर घ्यावी, पण हे समजून घ्यावी.

धायरीकर ताई, आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर द्यायचे तर बस. ती उंच असते, सीएनजीवर किंवा विजेवर चालते, आणि आपण बसमध्ये बसलात की रस्त्यावरचा एक सायलेन्सर बंद होतो. दारे उघडली की धूर आत येतो हे खरे, पण खिंडीच्या चढावर दारे बंद असतात.

धायरीकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे थांबून लिहिते आहे, कारण काही करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे बरे वाटले नाही.

आठवड्यातून तीन दिवस मी सकाळी बसने जाते. थांब्यापर्यंत चालत जायला बारा मिनिटे लागतात आणि एकूण वेळ दुचाकीपेक्षा वीस मिनिटांनी वाढला आहे, पण बसायला जागा मिळते. संध्याकाळच्या परतीचे मात्र जमलेले नाही. सहानंतरच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि दोन बस सोडून तिसरी धरायची म्हटले, तर चाळीस मिनिटे महामार्गाच्या कडेला उभे राहावे लागते. तेवढ्या वेळात नाकात जे जाते ते पाहता बसचा फायदा तेथेच संपत असावा, असा माझा अंदाज आहे. उरलेल्या दिवशी दुचाकी आणि एन-९५. चष्म्यावरच्या वाफेची परीक्षा पहिल्या दिवशी नापास झाले, आता उत्तीर्ण होते. रुमाल अजूनही काळा होतो, पण आता मी त्याच्याकडे पाहून घाबरत नाही.

एक बदल मात्र मी त्याच दिवशी केला. माझा पाच वर्षांचा मुलगा पाळणाघरात सोडताना स्कूटरवर पुढे, पायाशी उभा राहतो. सिग्नलला थांबल्यावर मी त्याच्याकडे पाहिले तेव्हा त्याचे तोंड पुढच्या टेम्पोच्या धुरासमोर, हातभर अंतरावर होते. आता तो मागे बसतो, त्याला पट्टा लावते, आणि पाळणाघराला मुख्य रस्त्याऐवजी सोसायटीमागच्या गल्लीने जातो. त्याला ते मुळीच आवडलेले नाही, कारण मागून त्याला हॉर्न वाजवता येत नाही.

संध्याकाळसाठी आता एकच विचारते. डुक्कर खिंड टाळून बावधनहून पौड रस्ता, कोथरूड, कर्वेनगर आणि राजाराम पूल असे येणारे कोणी येथे असेल, तर साडेसहाच्या सुमारास प्रत्यक्षात किती वेळ लागतो आणि कर्वेनगरातल्या सिग्नलला किती थांबावे लागते, ते कृपया कळवावे.